शत्रूची लिपी कोण वाचणार?

बदलापूर पूर्वेला आमच्या वसाहतीतील एका कुटुंबाने आपल्या सातवीतल्या मुलीला चिनी भाषेच्या शनिवारच्या वर्गात घातले आहे. वर्ग मुंबईत, म्हणजे लोकलचे जाऊन-येऊन तीन तास. आई सोबत जाते आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहते. ही वार्ता वसाहतीत पसरली आणि कोजागरीच्या रात्री आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी मुलीच्या वडिलांना चारचौघांत सुनावले, "गणपतीला चिनी दिव्यांच्या माळा लावू नका म्हणून घरोघर पत्रके वाटणारे आपण, आणि तुम्ही पोरीला चिनी शिकवता?" वडील बिचारे गप्प झाले. दुधाच्या पेल्यांवर वाद घालणे मलाही प्रशस्त वाटले नाही. तेव्हा न बोललेले येथे लिहितो.

स्नेह्यांचा राग खरा आहे. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले, हे विसरणारा माणूस आपल्यातला नव्हे. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने एकोणसाठ चिनी ॲप्सवर बंदी घातली, ती योग्यच होती. पण राग आला म्हणून डोळे मिटून घ्यायचे, ही कोणती रणनीती? चिनी माल घेतला की पैसा आणि परावलंबन दोन्ही तिकडच्या पदरात पडतात. चिनी भाषा शिकल्याने बीजिंगच्या तिजोरीत एक छदामही जात नाही. उलट तिथले कागद वाचणारा एक माणूस आपल्या बाजूला वाढतो. या दोन गोष्टींना एकाच तागडीत घालणारा बहिष्कार भाबडा आहे, असे मी आदरपूर्वक म्हणतो.

आपल्या परिसरातच पाहावे. उल्हासनगरच्या बाजारात खेळणी, मोबाइलचे सुटे भाग, शोभेच्या वस्तू यांतले किती तिकडून येते, हे दुकानदारच हसत सांगतात. फाळणीत सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या या सिंधी बांधवांनी शून्यातून व्यापार उभारला. त्यांच्या उद्यमशीलतेला नमस्कारच केला पाहिजे. पण खरेदीसाठी यीवूच्या घाऊक बाजारात उतरलेल्या भारतीय व्यापाऱ्याच्या वतीने भाव करणारा दुभाषी बहुधा चिनीच असतो. तो कोणाच्या हिताचे बोलत असेल? अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या रसायन कारखानदारांना विचारा. आपल्या देशात आयात होणाऱ्या औषधी कच्च्या मालाचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग चीनमधून येतो. २०२४-२५ या वर्षात आपण चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून अधिक माल घेतला आणि विकला तो अवघा १४ अब्जांच्या आसपास. हे परावलंबन तोडायचे, तर त्यांची किंमतपत्रके, यंत्रांच्या पुस्तिका आणि पेटंटचे दस्तऐवज वाचता आले पाहिजेत. केवळ घोषणांनी ते कसे साधणार?

आणि हा प्रश्न व्यापारापुरताही नाही. अरुणाचल प्रदेशातील आपल्या गावांना, नद्यांना, शिखरांना चीन स्वतःची नावे देत सुटला आहे: २०१७ साली सहा, २०२१ साली पंधरा, २०२३ साली अकरा, २०२४ साली तीस. ज्या लिपीत आपली भूमी बळकावली जाते आहे, ती लिपी आपल्यापैकी किती जणांना वाचता येते? लष्कराला हे उमगले आहे. म्हणूनच २०२३ साली जवानांना चिनी शिकवण्यासाठी त्याने तेजपूर विद्यापीठाशी करार केला. परंतु वयाच्या पंचविशीत, काही आठवड्यांत शिकलेली भाषा आणि दहाव्या वर्षापासून कानात मुरलेली भाषा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आमच्या स्नेह्यांना एका नावाचे स्मरण करून द्यावेसे वाटते. डॉ. रघुवीर. ज्यांचा सरस्वती विहार स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात होता, ते भाषापंडित. चिनी, तिबेटी, मंगोल या भाषांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १९५५ साली ते स्वतः चीनमध्ये हिंडले आणि भारतीय संस्कृतीच्या तिथल्या खुणा, हस्तलिखिते, चित्रे यांचे भांडार घेऊन परतले. 'हिंदी-चिनी भाई भाई'चा गजर चालू असलेला तो काळ. पुढे नेहरूंच्या चीनविषयक धोरणाशी पटेना म्हणून याच माणसाने काँग्रेस सोडली, भारतीय जनसंघात प्रवेश केला आणि त्याचे अध्यक्षपद भूषवले. १९६३ च्या मे महिन्यात मोटार अपघाताने त्यांना आपल्यातून हिरावून नेले. चीनचा धोका ओळखणारा हा नेता चिनी जाणणारा होता, हा मला योगायोग वाटत नाही.

पलीकडची तयारीही पाहावी. जी श्यानलिन नावाच्या चिनी पंडिताने वाल्मीकी रामायणाचे संपूर्ण चिनी भाषांतर केले, तेही सांस्कृतिक क्रांतीच्या धुमश्चक्रीत, लपूनछपून! २००८ साली आपल्या सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. तुलसीदासांचे रामचरितमानसही चिनीत गेले आहे. पेकिंग विद्यापीठात हिंदी कित्येक दशके शिकवली जाते. त्यांनी आपले रामायण मुळातून वाचावे आणि आपण त्यांचे वर्तमानपत्रही वाचू नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भाषेच्या आडून कम्युनिस्ट प्रचार घरात शिरेल. मुंबई विद्यापीठासह देशातील अनेक संस्थांत 'कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट' शिरल्या होत्या आणि २०२० साली सरकारला त्यांची झाडाझडती घ्यावी लागली, हे खरे. म्हणूनच हे वर्ग आपल्या माणसांनी, आपल्या संस्थांनी चालवावेत. चिनी भाषा ही कम्युनिस्ट पक्षाची जहागीर नव्हे. तैवान हीच भाषा बोलतो, लोकशाहीत नांदतो, आणि त्याने भारतातील काही विद्यापीठांत भाषाकेंद्रेही उघडली आहेत. तिकडची अक्षरे जुन्या वळणाची असतात एवढाच फरक. येथे आपल्या सरकारलाही एक बोल लावला पाहिजे. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. २०२० च्या अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई राहिल्या आणि चिनीचे नाव गाळले गेले. बंदी नव्हती, पण शाळांनी घ्यायचा तो संकेत घेतला.

राहता राहिली अवघडपणाची भीती. वाचनापुरती अडीच-तीन हजार चित्राक्षरे शिकावी लागतात, हे कष्टाचे काम आहे खरे. उच्चारांत मात्र मराठी मूल इंग्रज मुलाच्या पुढे असते. प-फ, त-थ, क-ख हा भेद चिनीचा प्राण आहे आणि तो आपल्याला बाराखडीतच मिळतो. ह्युएन त्संगच्या नावातला तो अडखळवणारा 'त्स' म्हणजे आपल्या 'चांगला'मधला च! सुरांचे चढउतार लहान कान सहज टिपतो. (आमचा मात्र त्या मुलीसमोर एक शब्द म्हणण्याचा प्रयत्न फसला आणि ती मनमुराद हसली.)

एक अट मात्र मी घालीन. मुलाला आधी मराठी नीट लिहिता-वाचता आली पाहिजे. उल्हासनगरच्या किती सिंधी घरांत आजी सिंधीत बोलते आणि नातवंडे हिंदीत उत्तर देतात! आपल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे चित्र फार निराळे आहे काय? अमेरिकेतील चिनी आई-बाप शनिवार-रविवारच्या शाळा चालवून मुलांची मातृभाषा राखतात. तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळाही त्याच धर्तीवर चालतात. सुट्टीच्या एका सकाळीत काय साधते, हे त्या कुटुंबांना पुरते ठाऊक आहे.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तिन्ही गावांतल्या शाळांच्या इमारती रविवारी कुलूपबंद असतात. दहा-पंधरा मुले जमली तर मुंबईहून एखादा तरुण शिक्षक येऊ शकेल. त्याचे मानधन आणि प्रवासखर्च पंधरा घरांत वाटून घेतला, तर शिकवणीच्या शुल्कापेक्षा जड जाणार नाही. त्या माऊलीचे बाकावरचे तासही वाचतील. कोजागरीला रागावलेले आमचे स्नेही एका शिक्षणसंस्थेचे विश्वस्त आहेत. हा अंक मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देणार आहे, आणि एका वर्गखोलीची किल्ली मागणार आहे.