खेळाच्या संगणकात काटकसर कोठे करावी?

लखनौच्या तेलीबागेतील एका वाचकभगिनींनी चिरंजीवांची यादी पाठवून हा प्रश्न विचारला आहे. यादीत 'आरटीएक्स ४०६०' हे ग्राफिक्स कार्ड आहे; एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा धरला आहे.

भगिनी, काटकसर अवश्य करावी, पण तेथे नव्हे. घरातील २३० व्होल्टची वीज संगणकाला सोसेल अशा १२ व त्याहून कमी व्होल्टमध्ये बदलून देणारी ही पेटी. ती हलकी निघाली तर बिघडताना महागडे कार्डही सोबत नेण्याचा संभव असतो. कार्ड ११५ वॅटचे आहे आणि एनव्हीडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. '८० प्लस' या शिक्क्यावर विसंबू नये. तो विजेचा अपव्यय किती, एवढेच सांगतो. अतिदाब व शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे की नाही, हे माहितीपत्रकात निराळे पाहावे लागते.

पैसे वाचवायचे तर रंगीत दिवे वगळावेत. त्यांनी खेळ वेगाने चालत नाही, हे चिरंजीवांना पटविण्याचे काम मात्र आपले! लखनौचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पुढे काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे बरे. रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. नाझा मार्केटमध्ये प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि संगणक घरी येण्यापूर्वीच वायरमनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.