वेबसाइट नवी झाली, पण विचारलं कुणाला?

कंपनीची वेबसाइट नवी होते. रंग बदलतात, फोटो मोठे होतात, वर ‘आमची मूल्यं’ आणि ‘आमचा प्रवास’ झळकतं. तुम्हाला मात्र हवी असते इंटर्नशिपच्या अर्जाची लिंक, आणि नेमकी तीच सापडत नाही! असं का होतं? रीडिझाइनच्या मीटिंगला मार्केटिंग, एचआर, आयटी असे सगळे हजर असतात. साइट वापरणारा नसतो. मग मेन्यूत कंपनीचे विभाग दिसतात, तुमचं काम दिसत नाही.

या वापरणाऱ्यापर्यंत पोहोचायचा कमी खर्चाचा मार्ग म्हणजे रिमोट यूजर रिसर्च. तुम्ही तुमच्या घरी, तुमच्याच फोनवर. संशोधक कॉलवर तुमची स्क्रीन पाहतोय. ‘साइट आवडली का?’ असं तो विचारत नाही, कारण त्यावर आपण सगळेच ‘छान आहे’ म्हणून मोकळे होतो. तो एक काम देतो, ‘इथे इंटर्नशिपसाठी अर्ज करून दाखवा’, आणि गप्प बसतो. तुम्ही कुठे अडखळलात, कुठून मागे फिरलात, कुठे वैतागलात, हे सगळं टिपून घेतो. कंपनीच्या चकचकीत ऑफिसात हे कळत नाही. तुमचा फुटलेला स्क्रीन आणि रेंगाळणारं नेट तिथे नसतं ना!

नेट बोल्ट आणि टोनी तुलाथिमुट्टे यांनी २०१० मध्ये ‘रिमोट रिसर्च’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा आग्रह साधा होता. साइटवर आत्ता, स्वतःच्या कामासाठी आलेल्या माणसालाच छोट्या खिडकीतून विचारा, वेळ आहे का? आणि लगेच त्याच्याशी बोला. मानधन देऊन बोलावलेला माणूस सांगितलेलं काम करतो. स्वतःहून आलेल्याला ते काम खरंच व्हायला हवं असतं. दोघांच्या वागण्यात फरक पडणारच.

बरं, किती जणांना विचारायचं? या क्षेत्रातलं मोठं नाव असलेल्या जेकब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की, पाच जणांच्या चाचणीतून सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हा आकडा आजही मीटिंगमध्ये फेकला जातो. त्यामागची अट मात्र कुणी सांगत नाही. ती पाच माणसं साधारण एकाच प्रकारे साइट वापरणारी असतील, तरच हे गणित लागू होतं. गट वेगळे असतील, तर प्रत्येक गटाची माणसं वेगळी घ्यावी लागतात.

खरी मेख इथेच आहे. रिमोट रिसर्चमध्ये सहज मिळतात ते चांगलं नेट, मोकळा वेळ आणि इंग्रजीची सवय असणारे. बाकीचे आपोआप गळतात. त्याची किंमत काय असते, हे सुप्रीम कोर्टासमोर आलेल्या एका प्रकरणात दिसलं. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीने ते कसं करायचं? ३० एप्रिल २०२५ च्या निकालात कोर्टाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. ॲप किंवा वेबसाइट तयार करताना चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्या, हा त्यातलाच एक. म्हणजे ‘चाचणीला कोण होतं?’ हा प्रश्न आता फक्त डिझायनरच्या आवडीचा राहिलेला नाही.

तुम्ही यात दोन्ही बाजूंना असू शकता. उद्या कुणी चाचणीला बोलावलं, तर रेकॉर्डिंग कशासाठी, कोण पाहणार, कधी पुसणार, हे आधी विचारा. स्क्रीन शेअर करण्यापूर्वी नोटिफिकेशन्स बंद करा. ओटीपी किंवा बँकेचं पान कुणालाही दाखवू नका. आणि हेच करिअर करायचं असेल, तर सुरुवात तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटपासून होऊ शकते. वर्गातला एक मित्र, गावाकडून प्रवेशासाठी आलेल्या मुलीचे वडील आणि स्क्रीन रीडर वापरणारी एखादी विद्यार्थिनी, तिघांनाही एकच काम द्या: फीची पावती शोधायची. तिघं कुठे अडकतात ते लिहून काढा आणि तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा.