हिरवळीचा मोबदला

रिओ दि जानेरोतील मारापेंदी सरोवराकाठचे गोल्फचे मैदान २०१६च्या ऑलिंपिकचा चिरस्थायी वारसा म्हणून गौरविले जाते. ११२ वर्षांच्या खंडानंतर गोल्फ हा खेळ त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये परतला आणि त्यासाठी हे मैदान नव्याने घडविण्यात आले. जागेचा बराच भाग वाळूउपशाने ओरबाडलेला होता. तेथे किनाऱ्यावरील मूळची खुरटी झाडी पुन्हा लावण्यात आली. वनस्पतींचे आच्छादन ९ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले, असे आयोजक सांगतात. ऐन स्पर्धेत उंदराच्या कुळातील धिप्पाड कॅपिबारा आणि बिळात राहणारी घुबडे मैदानात वावरत होती. हे आम्ही नाकारीत नाही. उजाड जमीन पुन्हा जिवंत होत असेल, तर समाजवाद्याने नाक मुरडण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो व्यवहाराचा. मैदानासाठी पालिकेने तिजोरीतून खर्च केला नाही, हे तत्कालीन महापौर एदुआर्दो पाएस अभिमानाने सांगत. खर्च केला तो बांधकाम व्यावसायिकाने; आणि मोबदल्यात त्याला लगतच्या जमिनीवर २२ मजली मनोरे उभारण्याची मुभा मिळाली. पूर्वी तेथे मर्यादा ६ मजल्यांची होती! शिवाय मारापेंदीच्या सार्वजनिक निसर्गोद्यानातील सुमारे ५८ हजार चौरस मीटर जमीन मैदानाकडे गेली. त्यासाठी २०१३च्या आरंभी कायदाच बदलण्यात आला. वास्तविक शहरात गाव्हेआ आणि इतान्यांगा ही खासगी क्लबांची दोन मैदाने होतीच. ‘गोल्फ कोणासाठी?’ असा सवाल करीत नागरिक रस्त्यावर आले, सरकारी अभियोक्ते न्यायालयात गेले. मैदान मात्र ठरल्याप्रमाणे पुरे झाले.

त्याच परिसरात, मुख्य ऑलिंपिक संकुलाला लागून, विला आउतोद्रोमो ही कष्टकऱ्यांची वस्ती होती. तेथील सुमारे ६०० कुटुंबांपैकी स्पर्धेच्या वेळी उरली अवघी २०. उपटलेल्या झाडीची पुन्हा लागवड झाली याचे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांच्या अहवालात या माणसांना ‘वारसा’ या सदरात जागा नाही.

हे दूरच्या ब्राझीलचे प्रकरण म्हणून बाजूस ठेवता येणार नाही. २०३६च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी भारतानेही २०२४ साली इरादापत्र पाठविले. असे सोहळे जेथे येतील तेथील कार्यकर्त्यांनी लावलेली झाडे अवश्य मोजावीत; पण त्याआधी कोणत्या भूखंडाचे आरक्षण उठले आणि कोणास किती वाढीव चटईक्षेत्र मिळाले, याचे आदेश नगररचना कार्यालयातून मागून घ्यावेत. आणि ते मागायचे, तर पहिली कुदळ पडण्यापूर्वी.