भाजीची कसोटी

सोने कसाला लावल्यावाचून कोणी विकत घेत नाही. साधे मडके घेतानासुद्धा आपण ते वाजवून पाहतो. भाजीची पारखही आपल्या घरातील माणसे अशीच करतात. भेंडीचे टोक मोडून ती कोवळी आहे की निबर हे पाहतात, वांगे फिरवून त्यास कीड लागली आहे काय हे न्याहाळतात, मेथीची जुडी उकलून आतील पाने तपासतात. ही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु आजच्या भाजीवर अशी एक वस्तू असू शकते, की जी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि बहुधा जिभेलाही कळत नाही. ती म्हणजे पिकावर फवारलेल्या कीटकनाशकाचा उरलेला अंश. त्याची परीक्षा कोणी व कशी करावी, याचा विचार आपण करू.

प्रथम शेतकऱ्याची बाजू ऐकली पाहिजे. तो हौसेने फवारणी करीत नाही. अळीने वांगे पोखरले, तर त्याच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते. म्हणून तो कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. पण औषध मात्रेतच घ्यावयाचे असते. अति तेथे माती. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. त्यावरून ते किती विषारी हे समजते. लाल रंग सर्वांत घातक. फवारणीनंतर किती दिवसांनी पीक तोडावे, हेही ठरवून दिलेले असते. तेवढ्या अवधीत ऊन, पाऊस व वनस्पतीची वाढ यांमुळे विषाचा अंश ओसरतो. भाव चढला म्हणून दुसऱ्याच दिवशी तोडणी केली, तर तो अंश आपल्या ताटात येतो. शिवाय या विषाचा पहिला घाव बसतो तो फवारणाऱ्यावर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, हे आपण विसरता कामा नये.

विषाच्या बाबतीत हेळसांड झाली, तर काय होते हे देशाने पूर्वीही पाहिले आहे. 1958 साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग गव्हाच्या पिठास व साखरेस झाला आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेनंतर झालेल्या विचारातून 1968 चा कीटकनाशक कायदा जन्मास आला. भाजीवरील अंश असा एका दिवसात घात करीत नाही. तो अल्प असतो. पण वर्षानुवर्षे पोटात जात राहिला, तर अपाय करू शकतो. म्हणून आपल्या देशात अन्नातील अशा अंशाची मर्यादा कायद्याने ठरविली आहे. ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी ती सर्वसाधारणपणे एका किलोग्रॅममध्ये 0.01 मिलिग्रॅम इतकी असते. म्हणजे दहा-दहा टन भाजी भरलेल्या दहा ट्रकांत मिळून केवळ एक ग्रॅम!

इतका सूक्ष्म अंश शोधावयाचा कसा? प्रयोगशाळेत भाजीचा नमुना बारीक वाटतात, त्यातील थोडा लगदा द्रावकात घुसळतात, गाळ खाली बसवितात आणि वरचे निवळ द्रावण यंत्रात सोडतात. अतिशय अरुंद नळीतून जाताना निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या वेगाने सरकतात आणि एकमेकांपासून विलग होतात. मग त्यांची ओळख पटवून त्यांचे प्रमाण मोजता येते. गंमत अशी, की या विद्येचा उगमही पानांतूनच झाला. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीसारख्या पदार्थाने भरलेल्या नळीतून हिरव्या पानांचा अर्क सोडला, तेव्हा त्यातील रंगांचे पट्टे वेगवेगळे झाले. आपले हे संशोधन त्याने 1906 साली प्रसिद्ध केले.

विद्या आहे, यंत्रे आहेत, कायदाही आहे. मग उणीव कशाची? उत्तर आपल्या द्राक्षबागांत सापडते. 2010 साली युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे तेथे नाकारण्यात आली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक द्रव्याचा अंश त्यांत तेथील मर्यादेहून अधिक आढळला. आपल्या बागाइतदारांनी त्यावरून धडा घेतला. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांची बाग नोंदवावी लागते, तोडणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निकाल अनुकूल आला, तरच माल जहाजावर चढतो. ही शिस्त नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्यांनी अंगी बाणवली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पण मग एक प्रश्न उभा राहतो : जी काळजी परदेशातील ग्राहकासाठी घेतली जाते, ती आपल्या गावच्या बाजारातील मुलासाठी का घेतली जाऊ नये?

यावर कोणी म्हणेल, की मेथीची जुडी एका दिवसात कोमेजते. निकाल येईपर्यंत ती खाऊनही झालेली असते. हे खरे आहे. म्हणूनच तपासणी बाजारात सुरू न होता शेतात, तोडणीपूर्वी व्हावी. बाजारातील नमुन्यांचा उपयोग माल कोठून आला हे शोधून त्या शेतकऱ्यास मार्गदर्शन करण्यासाठी व्हावा. हातगाडीवाल्यास दंड करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो एकट्या लहान शेतकऱ्यावर लादू नये. शासन, बाजार समित्या व मोठे व्यापारी यांनी तो वाटून घ्यावा. 2005-06 पासून केंद्र शासनाच्या योजनेखाली देशभर नमुने तपासले जातात आणि त्यांतील बहुतेक मर्यादेत आढळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ते निकाल सामान्य माणसापर्यंत क्वचितच पोहोचतात. केरळ कृषी विद्यापीठाने मात्र बाजारातील भाज्यांच्या तपासणीचे अहवाल लोकांपुढे ठेवले आहेत. आपल्या प्रत्येक मोठ्या बाजारातही भावफलकाशेजारी तपासणीचा फलक लागला पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, हे वाचून भाजी खाणे सोडू नका. भाजीवाचून शरीराचे पोषण होणार नाही. ती वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. पृष्ठभागावरील बराचसा अंश त्याने निघून जातो. जो अंश भाजीच्या आत मुरतो, तो मात्र धुऊन जात नाही. त्यावर उपाय एकच, तो मुळातच अधिक न येऊ देणे. त्यासाठी शेतकऱ्याने संयम, शासनाने दक्षता आणि ग्राहकाने चौकसपणा दाखविला पाहिजे. स्वस्त काय आणि ताजे काय हे आपण बाजारात रोज विचारतो. निर्दोष काय, हे विचारण्याचाही आपल्याला अधिकार आहे. आणि जो अधिकार कोणी वापरीत नाही, तो कागदावरच राहतो.