कानोसा : लालपरीत एलडॅक कशाला?

यवतमाळ ते नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. एसटीच्या खिडकीची काच खडखडतेय, इंजिनाची घरघर पायांतून वर चढतेय आणि कानात आवडीने घेतलेले वायरचे इन-इअर मॉनिटर. नव्या फोनला जॅक नाही, म्हणून ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर हवा. तो निवडताना बहुतेक जण आधी विचारतात, ‘एलडॅक आहे का?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा.

एलडॅक हा सोनीचा कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याची पद्धत. तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो. साधा एसबीसी कोडेक ३२८च्या आसपास थांबतो. कागदावर तिप्पट फरक! पण सिग्नल जरा अडखळला की हाच एलडॅक ६६०वर, मग ३३०वर उतरतो. हट्टाने ९९०वरच ठेवला, तर गाणं तुटतं. आयफोनवर तो मिळतच नाही, तिथे एएसी कोडेकवरच भागवावं लागतं. आणि चालत्या गाडीत एएसी व एलडॅक यांतला फरक ओळखणं फार अवघड.

गाडीत खरं नुकसान होतं ते खालच्या स्वरांचं. इंजिनाची घरघर तबल्याचा डग्गा गिळून टाकते, मग आपण आवाज वाढवत जातो. क्यूडेलिक्स ५के हा अ‍ॅडॉप्टर मला सरस वाटतो तो इथे. त्याचा इक्वलायझर अ‍ॅडॉप्टरच्या आतच चालतो. फोन बदला, अ‍ॅप बदला, बसवलेली जुळणी तशीच राहते. १०० हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल चढवायचे आणि प्रीअँप, म्हणजे एकूण पातळी, तेवढीच उतरवायची, म्हणजे आवाज फाटत नाही. डग्गा पुन्हा ऐकू येतो. फिओ कंपनीच्या बीटीआर५मध्येही क्यूडेलिक्ससारख्याच ईएसएसच्या दोन चिप आहेत, वर छोटा पडदाही आहे. पण जुळणीची एवढी मोकळीक नाही. फिओच्याच बीटीआर७ची बॅटरी ८८० एमएएच आणि ताकदही जास्त. ती ताकद मोठ्या हेडफोनच्या कामाची. नाजूक इन-इअरला ताकदीपेक्षा मागची शांतता हवी, नाहीतर गाणं थांबलं की बारीक सूं सूं ऐकू येते.

कानामागे अडकवायचे अ‍ॅडॉप्टरही आहेत, जसा फिओचा यूटीडब्ल्यूएस५. वायरच उरत नाही, हे सुख मोठं. मात्र तुमच्या इन-इअरची जोडणी दोन पिनांची की एमएमसीएक्स, हे आधी बघा. शिवाय दोन्ही बाजूंना इवल्याशा बॅटऱ्या. एक दमली की जोडीच निकामी. इन-इअर मात्र नीट जपले तर दहा वर्षंही टिकतात, म्हणून मी खिशाला क्लिपने लावायचा अ‍ॅडॉप्टरच सुचवेन.

पैसे मोजण्याआधी मात्र रबरी टिप बदलून बघा. कानात घट्ट बसणारी टिप बाहेरचा गोंगाट अडवते आणि आवाज कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. रोज एसटीने ये-जा करणाऱ्याने ती गांभीर्याने घ्यावी.

आणि खोलीत बसून, फोन शेजारी ठेवून स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं ऐकणाऱ्या मुलामुलींनी यातलं काहीच घेऊ नये. टाइप-सीचं साधं डोंगल पुरतं. त्याला चार्जिंग लागत नाही, वीज गेली तरी ते चालतं आणि उरलेल्या पैशांत पुस्तकं येतात.