चित्रं भिंतीवर लावतं कोण?



गेल्या महिन्यात आमच्या शाळेत एक पालक आले. ते बोटीवर खलाशी आहेत. मिरकरवाड्याला बोट लागली की दोन दिवस घरी असतात. चपला दाराबाहेर काढून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ह्याला जरा समजवा. सगळ्या वह्या चित्रांनी भरल्यात. गणिताच्या वहीतपण बोटीच! चित्रं काढून पोट भरतं काय?"

मुलगा सातवीतला. बापाच्या मागे मान खाली घालून उभा.

खरं सांगू? मला पटकन उत्तर सुचलं नाही. मराठी, गणित, विज्ञान, कवायत आणि चित्रकला, सगळं मीच शिकवते. मी फळ्यावर घोडा काढला तर मुलं त्याला बकरी म्हणतात! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचा अर्धवेळ शिक्षक सांगितला आहे, पण मुलं शंभराच्या वर असतील तर. आमचा पहिलीपासूनचा पट धरला तरी शंभर भरत नाहीत. तेव्हा चित्रकलेचे सर आम्हाला कुठून मिळणार?

मग मी त्यांना खुर्ची दिली आणि हळदणकरांची गोष्ट सांगितली.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ सालचा, सावंतवाडीचा. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं. स्वातंत्र्यानंतर ती रत्नागिरी जिल्ह्यात आली आणि १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला तोवर आपल्याच जिल्ह्यात होती. म्हणजे हा माणूस आपल्या कोकणातलाच. ते मुंबईला गेले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. ही कलाशाळा १८५७ ची. त्या काळी तिथे धुरंधर मास्तर शिकवत होते. पुढे १९०८ साली हळदणकरांनी स्वतःचीच कलाशाळा काढली, 'हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट'. वय अवघं सव्वीस!

इथपर्यंतचं काम एकट्याला जमतं. जागा हवी, विद्यार्थी हवेत आणि शिकवायची हौस हवी. पण पुढे काय? गाणाऱ्याचं गाणं खिडकीतूनसुद्धा रस्त्यावर ऐकू जातं. चित्राला मात्र भिंत लागते. शिवाय ती भिंत अशा ठिकाणी हवी, जिथे लोक बघायला येतील आणि आवडलं तर पैसे मोजून घेऊनही जातील. अशी भिंत एकटा चित्रकार कुठून आणणार?

मुंबईत १८८८ पासून बॉम्बे आर्ट सोसायटी होती आणि तिची प्रदर्शनंही भरत. पण सुरुवातीच्या काळात तिचा कारभार बराचसा साहेब लोकांच्या हाती होता. १९१८ साली हळदणकर आणि त्यांचे काही सोबती एकत्र आले आणि त्यांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यांत आवडतो. स्वतःची शाळा चालवणारा माणूस, 'माझे विद्यार्थी, माझा वर्ग' एवढ्यावर न थांबता बाकीच्या चित्रकारांबरोबर बसला. अशी संस्था काय करते? दालन मिळवते, गावोगावची चित्रं मागवते. जाणकार मंडळी त्यातली निवडतात, बक्षिसं देतात. विकत घेणाराही त्याच दालनात भेटतो. या सोसायटीने शंभरी केव्हाच ओलांडली! दूर अमेरिकेत विद्यापीठांच्या कलाविभागांचे प्रमुखसुद्धा अशीच संघटना करून एकत्र बसतात. अडचणी सगळीकडे त्याच असणार.

हळदणकरांचं एक चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. साडी नेसलेली एक मुलगी हातात दिवा घेऊन उभी आहे. एक तळहात तिने ज्योतीपुढे धरलाय आणि तिच्या बोटांमधून लालसर उजेड येतोय. हे चित्र साधारण १९४५-४६ चं. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगातलं आहे. जलरंगात चूक झाली तर पुसता येत नाही बरं का! पण गंमत अशी, की पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा तर १९०६ सालीच वारले होते! कुणी तसं म्हणालं तर तुम्ही जरूर सांगा.

इतकं ऐकल्यावर ते पालक म्हणाले, "ते मुंबईला गेले बाई. आमी कुठं जायाचं?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार होतं. आठवीत हायस्कूलला गेला की एलिमेंटरी आणि पुढे इंटरमिजिएट, या सरकारी चित्रकला परीक्षा देता येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर असतात. १९६५ साली राज्याचं कला संचालनालय झालं, तेच या परीक्षा घेतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुणही मिळतात (हे ऐकताच सगळ्या पालकांचे कान टवकारतात!). आणि दहावीनंतर चित्रकला शिकायला एकदम मुंबईच गाठायला हवी असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, सावर्ड्याला कलाशाळा आहे. जे. जे. तर २०२३ साली अभिमत विद्यापीठच झालं. ही सगळी दारं एकदम उघडलेली नाहीत. हळदणकरांसारखी माणसं आधी एकत्र बसली म्हणून ती आज आहेत.

"पण गणितात पास व्हायलाच पाहिजे," हे मी मुलाकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हटलं. त्याने मान डोलावली.

मग मी त्याची गणिताची वही मागितली. अपूर्णांकांच्या खाली मिरकरवाड्याचा धक्का होता. तीन बोटी, माशांच्या टोपल्या आणि वर घारी. वडिलांनी वही हातात घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका बोटीवर बोट ठेवून म्हणाले, "अरे, दोर असा नाय बांधत. अशी बांधलीस तर भरतीला सुटून जाईल ती."

मुलाने खिशातून खोडरबर काढलं आणि बापलेक दोघंही माझ्या टेबलावर वाकले.