जिनिंगची घरघर आणि कानातला शंख

गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन मी हिंगणघाटला गेलो होतो. वर्धा जिल्ह्यातलं हे कापसाचं जुनं गाव. इंग्रजांच्या काळी इथला कापूस बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावानं ओळखला जाई. दिवाळी सरली, की इथल्या जिनिंगांपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागते.

आत शिरलो आणि बोलणंच खुंटलं! सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं ओळीनं धडधडत होती. भाच्यानं एका कामगारकाकांना काही विचारलं, तर ते कानाशी हात नेऊन ओरडले, “मोठ्यानं बोल ना बाप्पा, आयकू येत नाही!” मग सुट्टी झाल्यावर ते चहाच्या टपरीवर भेटले. तिथे यंत्र नव्हतं, तरी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली.

एसटीत भाचा म्हणाला, “मामा, आवाज कानात गेला हे ठीक. पण माझ्या छातीत घरघर का होत होती?”

प्रश्न मोठा छान आहे, बरं का! जिनिंगच्या गोंगाटात बारीक आणि जाड, सगळेच आवाज मिसळलेले असतात. छातीत जाणवतो तो जाड. सेकंदाला ३० कंपनं असलेल्या आवाजाची एक लाट सुमारे ११ मीटर लांब असते. भिंत तिला फारशी अडवत नाही. वरात दूर असली, की गाणं कळत नाही, नुसतं धाड्‌धाड् ऐकू येतं ना? तेच हे.

आता कानात डोकावू. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते. तिच्यात पंधराएक हजार केसपेशी. बारीक आवाज शंखाच्या तोंडाशी ओळखले जातात, जाड आवाज पार टोकाशी. म्हणजे जाड आवाजाची लाट नळीतला सगळा पडदा हलवत जाते. हे शोधणाऱ्या बेकेसी यांना १९६१ साली नोबेल मिळालं. केसपेशी मेली, की माणसाला नवी येत नाही. कोंबडीला येते! आहे की नाही अन्याय?

गोंगाटानं बहुधा आधी बारीक आवाजांच्या पेशी जातात. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. काकांना आपला आवाज पोचत होता, शब्द नव्हते.

आणि जाड आवाज? २०१४ साली म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी २१ जणांना ३० कंपनांचा आवाज फक्त ९० सेकंद ऐकवला. निरोगी कान स्वतःही अगदी क्षीण सूर काढतो. तो सूर, आवाज थांबल्यावरही काही वेळ डुचमळत राहिला. यानं बहिरेपण येतं असं त्यातून सिद्ध झालं नाही. पण जाड आवाजही शंखाला हलवून जातो, एवढं नक्की.

गंमत म्हणजे, आवाज मोजायचं यंत्र नेहमी ज्या मापावर लावतात, ते माप ३० कंपनांचा आवाज जवळजवळ ४० डेसिबलनं कमी धरतं. कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, तीही याच मापानं.

काकांच्या कानात रुईचे बोळे होते. रुईला काय तोटा तिथे! पण साध्या कापसानं आवाज फारच थोडा अडतो. कानात घट्ट बसणारे फोमचे बोळे किंवा कान झाकणारे मफ हवेत. भाच्यानं लगेच वहीचं पान फाडून ते लिहून घेतलं. आता पुढच्या खेपेला हिंगणघाटला जाताना वर्ध्याच्या औषधांच्या दुकानात थांबायचंय म्हणे.